त्यानं न विकलेली गादी

बूट चावत होता म्हणून मी त्या दुकानात शिरले. खोटं कशाला सांगू, गादी घ्यायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. हॉस्पिटलच्या लॅबमधली रात्रपाळी संपवून घरी निघाले होते, टाचेला टचटचीत फोड आला होता, आणि काचेआड एक पांढरीशुभ्र, जाडजूड गादी दिसली. म्हटलं, दोन मिनिटं टेकू आणि निघू.

टेकले, आणि उठावंसंच वाटेना.

"आडवं झाल्याशिवाय नीट कळत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं. एक ताडमाड माणूस अगदी वरच्या फळीवरची उशी काढत होता, तीही स्टुलाशिवाय. मी मनातल्या मनात त्याचं नाव लंबू ठेवलं, आणि ते आजतागायत बदललेलं नाही.

"बूट काढते आधी," मी म्हणाले.

"काढा ना. न काढणारेही येतात इथे."

त्यानं उशी दिली. मी आडवी झाले. रात्रभर उभं राहून दुखणारी कंबर अशी सैलावली, की डोळेच मिटले.

"किती जणांसाठी हवी?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, पण बघत होता उशीच्या अभ्र्याकडे.

"दोघांसाठी."

"अच्छा..." त्यानं दुसरी एक उशी उगाचच झटकली.

"मी आणि आई."

"अच्छा, अच्छा." या अच्छामध्ये आणि आधीच्या अच्छामध्ये बराच फरक होता. झोपेतही कळला मला.

आईची आठवण निघाली आणि गादी एकदम गरजेची वाटायला लागली. आमच्या भाड्याच्या खोलीत घरमालकांची खाट आहे, मधोमध झोळी झालेली. आई रोज सकाळी भिंत धरून उठते आणि मला कळू नये म्हणून केस बांधत तिथेच उभी राहते. त्या भिंतीला एक खिळा ठोकायची परवानगी नाही. अशा किती खोल्या तिनं बदलल्या, आणि कुठल्याच भिंतीवर बाबांचा फोटो लागला नाही. तो ट्रंकेत, साड्यांच्या घडीत असतो.

"हप्त्यानं मिळेल?" मी विचारलं.

"मिळेल की." त्यानं कागद काढला, पेन उघडलं. "काम काय करता?"

"लोकांना सुया टोचते. त्याचा पगारही मिळतो."

तो हसला. हसताना मान खाली घालायची त्याची सवय होती, उंच माणसाला ती शोभून दिसते. "दुसरं एखादं कर्ज?"

"घराचं," मी ऐटीत सांगितलं. "मंजूर झालंय. बँकेतून पैसे सुटायचे बाकी आहेत फक्त. दोन खोल्या आणि एक गॅलरी."

त्यानं पेनाचं टोपण लावलं.

"मग मी तुम्हाला ही गादी विकणार नाही."

मी ताडकन उठून बसले. "का? हप्ते बुडवीन असं वाटतं?"

"नाही हो—"

"मग? माझ्याकडे बघून वाटत नाही का घर घेईन म्हणून?"

"तसं नाही... ऐका तरी. तो कोपऱ्यातला पलंग दिसतो? तो एका घरी जाऊन परत आलाय. नवराबायकोचं घराचं कर्ज मंजूर झालं, आनंदात त्यांनी आमच्याकडून हप्त्यानं सगळी खोली सजवायला घेतली. पैसे सोडायच्या आधी बँकेनं पुन्हा तपासलं, नवे हप्ते दिसले, कर्ज कमी करून टाकलं. घर गेलं. पलंग आणायला मीच गेलो होतो." त्यानं कोरा कागद परत ठेवून दिला. "त्या बाईंनी मला चहा दिला होता. म्हणून म्हणतो, पैसे सुटेपर्यंत कुठेही सही करू नका. गादी काय, मोबाइलसुद्धा घेऊ नका."

मला राग आला होता आणि राग आला की मला काही पटत नाही. बूट हातात घेऊन, अनवाणीच बाहेर पडले.

पण थेट बँकेत गेले. तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "हो, शेवटी पुन्हा बघतो आम्ही. नवीन काही घेतलं नाही ना?" "छे," मी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका न घेतलेल्या वस्तूबद्दल कुणाचे तरी आभार मानावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा दुकानात.

"सॉरी म्हणायला आलात?" लंबूनं विचारलं.

"गादी आहे की गेली ते बघायला आले."

"आहे. बघा."

बघता बघता आडवी झाले आणि... काय सांगू, चक्क झोप लागली. जाग आली तेव्हा अंगावर एक नवी कोरी चादर होती, काचेवरचा पडदा अर्धा ओढलेला होता, आणि लंबू एका जोडप्याला कुजबुजत्या आवाजात उशा दाखवत होता.

"घोरत होते का?" मी हळूच विचारलं.

"गिऱ्हाईक म्हणालं, एवढी झोप येत असेल तर हीच द्या. एक विकली गेली तुमच्यामुळे."

मग तो नेमच झाला. कधी जमिनीचा एखादा कागद राहिला, कधी साहेब रजेवर, बँकेचे पैसे काही सुटत नव्हते, आणि मी पाळी संपली की गादीवर टेकायला जात होते. तो चहा मागवायचा. मी रक्त बघून चक्कर येणाऱ्या पहिलवानांच्या गोष्टी सांगायचे. त्याला स्वतःला सुईची भीती वाटते हे कळल्यावर तर मी त्याला सोडलंच नाही.

"पण तुम्ही टोचलीत तर... बघू," तो एकदा म्हणाला आणि लगेच टेप घेऊन एक आधीच मोजलेली गादी मोजायला लागला. मी चहाच्या कपात तोंड घातलं. कान मात्र गरम झाले होते.

एका सकाळी लंबू टेम्पो घेऊन माल पोहोचवायला गेला होता. गल्ल्यावर त्याचे काका होते, दुकानाचे मालक. मोठे गोडबोले.

"बाळ, रोज येतेस, घेऊन का टाकत नाहीस? हा शेवटचा नग. संध्याकाळी एक जण न्यायला येणार आहे. तुझा नंबर सांग, दोन मिनिटांत हप्ते करून देतो. उद्या घरी पोच."

उद्या. म्हणजे परवा सकाळी आई भिंत न धरता उठेल... माझ्या ओठांवर नंबर आला होता. एक गादीच तर आहे, एवढ्यानं काय बिघडतंय, असं मनात आलं. तेवढ्यात कोपऱ्यातला तो पलंग दिसला.

"नको काका," मी म्हणाले. "जाऊ दे त्यांना."

बाहेर पडले तेव्हा रडू येत होतं. गादीसाठी रडणारी मी जगातली पहिलीच असेन. पण खरं सांगते, रडू फक्त गादीचं नव्हतं. गादी गेली, तर उद्यापासून मी त्या दुकानात कुठल्या तोंडानं जाणार होते?

तरी गेलेच. गादीवर चिठ्ठी होती— 'विकली आहे'.

"कुणी घेतली?" माझा आवाज उगाच चढला.

"मी," लंबू म्हणाला.

"तुम्ही?"

"हप्त्यानं. माझ्या नावावर. माझं काही घराचं कर्ज अडलेलं नाही... घरच नाही मला. काकांच्या माडीवर राहतो. तिथे ही गादी उभीच ठेवावी लागेल."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे नसते उद्योग करायला?"

"कुणीच नाही." तो माझ्याकडे न बघता चिठ्ठीचा कोपरा सरळ करत राहिला. "ही दुसरीकडे गेली असती, तर तुम्ही सकाळी इथे आला असतात का?"

मी गादीच्या कडेवर बसले. थोड्या वेळानं तोही बसला, मध्ये एक उशी ठेवून. चहा आला तो तसाच गार झाला.

त्याच आठवड्यात बँकेचा फोन आला. पैसे सुटले. मी लॅबमध्ये हातमोजे घातलेले हात उंचावून ओरडले आणि समोरचा पेशंट दचकला. पहिला फोन आईला केला. दुसरा कुणाला केला ते सांगायची गरज नाही.

किल्ली मिळाली त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. लंबू प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गादी डोक्यावर घेऊन तीन जिने चढला. आईनं दारातच त्याला पायांपासून वरपर्यंत पाहिलं, तेवढं पाहायला जरा वेळच लागला. मग ती गादीवर आडवी झाली, "अगं बाई..." म्हणाली आणि डोळे मिटले.

आम्ही दोघं गॅलरीत. ओल्या कठड्यावर त्याचा हात, शेजारी माझा.

"हप्ते मी देणार," मी म्हणाले. "उपकार नकोत मला."

"चालेल. दर महिन्याला न्यायला येईन."

"ऑनलाइन पाठवीन की."

"माझं ऑनलाइन बंद आहे."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

मी हसले. त्याची करंगळी माझ्या करंगळीला लागली आणि तिथेच राहिली.

"आणि शेवटचा हप्ता झाला की?" त्यानं हळूच विचारलं. "मग कशाला यायचं मी?"

"यायचं, पण..." पाऊस बघत मी सांगून टाकलं, "मग परत जायचं नाहीस तू."

त्यानं माझा सगळा हात हातात घेतला.

"ठरलं असेल," आतून आईचा आवाज आला, झोपेचा लवलेश नसलेला, "तर त्या उंच माणसाला म्हणावं, आत ये आणि आधी एक खिळा ठोकून दे."

तिनं हातात बाबांचा फोटो धरला होता. लंबूनं तो अगदी वर, गादीवर पडल्या पडल्या दिसेल असा लावला. स्टूल लागलं नाही.