सेवादासचं अक्षर

हे खरं घडलंय. पटलं तर पटलं, नाहीतर सोडून द्या. पण मानोऱ्याला गेलात तर जिनेशला यातलं काही विचारू नका. तो सरळ दुकानाचं शटर ओढून घेतो.

मागच्या पौषातली तिन्हीसांज होती.

जिनेशचं बॅनरचं दुकान. डिझाइनला त्याच्याकडे तांड्यावरचा सेवादास होता. त्याने स्वतःच्या हाताने अक्षरं काढून त्यांचा फॉन्ट बनवला होता. अर्ध्या तालुक्याचे वाढदिवस त्याच अक्षरात झाले. श्रावणात सेवादास तापाने गेला. मग जुना कॉम्प्युटरही गेला, आणि नव्या सॉफ्टवेअरला त्या फॉन्टचा जुना फॉरमॅट काही केल्या चालेना.

दुसऱ्या दिवशी जिनेशच्या लेकीचा, टीनाचा वाढदिवस होता.

"पप्पा, मले सेवाकाकाच्याच अक्षरात नाव पायजे," ती अडून बसली.

जिनेशने सेवादासच्या जुन्या फाइली एकेक करून उघडल्या. दर वेळी पडद्यावर तेच... फॉन्ट सापडत नाही, दुसरा निवडा.

एकच फाईल काही न विचारता उघडली.

सेवादासच्या श्रद्धांजलीची.

ही तर जिनेशने स्वतः केली होती. नव्या कॉम्प्युटरवर, साध्या फॉन्टमध्ये. आणि आता तिच्यातलं प्रत्येक अक्षर...

सेवादासच्या हाताचं होतं.

या धंद्यात एक नेम आहे. श्रद्धांजलीच्या फाईलवर वाढदिवस करायचा नाही. कितीही घाई असो. जिनेश स्वतः यावरून इतरांना झापायचा. पण पोरीच्या हट्टापुढे बापाची अक्कल चरायला जाते.

त्याने फोटो बदलला. टीनाचं नाव टाकलं. काय सुरेख उमटलं!

मग खालचं 'शोकाकुल' काढून 'शुभेच्छुक' लिहिलं. पाणी प्यायला वळला. परत पाहतो तर...

'शोकाकुल'.

त्याने पुन्हा बदललं. हात मांडीवर ठेवून बघत बसला.

खट... खट... खट...

कीबोर्ड वाजत होता.

'शोकाकुल'. आणि त्याखाली दोन नावं. त्याचं, आणि त्याच्या बायकोचं, रुचाचं.

त्याने ती ओळ पुसायला घेतली. पुसेना. छापायला पाठवताना शब्दांचं चित्र करून टाकतात, त्याला कर्व्ह करणं म्हणतात. मग त्यातलं अक्षर बदलता येत नाही. ती ओळ कर्व्ह झालेली होती.

जिनेशने वायरच उपटली.

घाम पुसून, हिंमत करून त्याने पुन्हा मशीन चालू केलं. कोरी फाईल घेतली. साधा फॉन्ट. सगळं डोळ्यात तेल घालून तपासलं आणि कारंज्याच्या प्रेसला पाठवलं.

सकाळी गुंडाळी आली. रुचाने ती अंगणात उलगडली.

"सेवाकाकाचं अक्षर!" टीना टाळ्या पिटत नाचायला लागली.

रुचाने खालची ओळ वाचली. 'शोकाकुल', आणि खाली त्या दोघांची नावं.

"हे काय करून ठेवलं हो तुमी? काहून असं लिवलं?"

जिनेशने प्रेसवाल्याला फोन लावला.

"भाऊ, फाईल तुमीच कर्व्ह करून धाडेल होती," तो म्हणाला. "आमी कायले हात लावू त्याले?"

जिनेशने ते बॅनर दुकानामागे जाळलं. टीना दिवसभर रडली.

आज ती ठणठणीत आहे. शाळेत जाते, खिदळते. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही नाही म्हणाले. महाराज झाले, मांत्रिकही झाले. छापून निघालेलं खोडायचं कसं, ते एकालाही सांगता आलं नाही.

त्या बॅनरवर 'निधन' या शब्दापुढे तारखेची जागा कोरी होती.

रोज पहाटे जिनेश झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरतो. श्वास जाणवला की मगच उठतो.