वाट पाहणं

मृदुला टेंबेने कथेत घातलेला तो फाटा प्रयोगशाळेचे प्रमुख विश्राम केळुसकर यांच्या डोळ्यांत सलत होता.

फाटेकथेची सुरुवात एकच असते. पुढे शब्दाशब्दांत दुवे. वाचक ज्या दुव्याला बोट लावेल, तिकडे कथा वळते. मृदुलाने 'खुर्ची' या शब्दामागे एक दुवा दडवला होता. तिकडे वळलं की एक शास्त्रज्ञ सहकारिणीचं संशोधन स्वतःच्या नावावर खपवताना दिसे. नाव निराळं, पण टक्कल आणि 'म्हणजे कसं' हे पालुपद केळुसकरांचंच. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं.

"काढून टाक तो फाटा."

"कुठला फाटा जगवायचा, कुठला मारायचा हे पायवाट-प्रणालीच ठरवते, तिच्यात माणसाने हात घालायचा नाही, हा नियम तुमचाच ना, सर? निदान तुमच्या नावावर तरी आहे."

"जीभ आवर. म्हणजे कसं, वाचकाचं पाऊल पडेल ती वाट रुळते, न पडेल तिच्यावर गवत माजतं. हा फाटा कुणालाही सापडलेला नाही. आपोआप मरेल."

"मरेल की. शेवटाकडून वाळत येतो फाटा."

फाटेकथेच्या उद्घाटनाला संस्थेचा नवा संचालक निवडणारी समिती येणार होती आणि तिच्यासमोर यंत्र सर्वांत रुळलेली वाट वाचून दाखवणार होतं. केळुसकरांना त्या पदाची भयंकर हाव होती. ते रोज आल्याआल्या कथा उघडत, 'खुर्ची'वर बोट ठेवत, वाळायला लागलाय का हे बघायला थेट शेवटापर्यंत जात. फाटा हिरवागार. शिवी हासडून बंद करत. चहा झाला की पुन्हा, जेवण झालं की पुन्हा. बाकीचे वाचक मात्र असंख्य फाट्यांत विखुरलेले होते.

उद्घाटनाच्या सभेत यंत्राने पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं आणि ते 'खुर्ची'पाशी वळलं. टकला शास्त्रज्ञ म्हणाला, "म्हणजे कसं..." मागे कुणीतरी फिसकन हसलं. समितीच्या अध्यक्षा केळुसकरांकडे बघू लागल्या.

ते मृदुलावर धावून गेले. "तू वाचक पेरलेस, सटवे."

"एकही नाही. मी तर तो उघडलाही नाही. तुम्ही काय करत होतात?"

"मी तो मरायची वाट पाहत होतो."

"तेच तर." मृदुला अध्यक्षांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "पायवाटेला वाट पाहणं आणि वाट चालणं यांतला फरक कळत नाही, सर. ती तुम्ही बनवली असती, तर हे तुम्हाला माहीत असतं."