बंद खोलीतला तास

वात जरा वर करा. लाईट एवढ्यात काही यायची नाही, तोवर सांगते.

त्र्याण्णव साली माझी बदली धावड्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत झाली. शाळा दोन खोल्यांची. त्यातल्या एका खोलीला कुलूप आणि सगळी मुलं दुसऱ्या खोलीत दाटीवाटीनं बसलेली. इतकी गप्प मुलं मी कधी पाहिली नव्हती.

कुलपातली खोली रायभान सरांची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते झोपेतच गेले. मुलांचा त्यांच्यावर फार जीव होता. नंदा नावाची चौथीतली मुलगी तर शाळा उघडल्यापासून बोललीच नव्हती. मुलं रडतात म्हणून हेडमास्तर भुजंग गुरुजींनी सरांचं नाव काढायलाच बंदी केलेली. खरं म्हणजे नाव निघालं की गुरुजीच उठून हौदावर तोंड धुवायला जायचे. दोघं वर्षानुवर्षं एका डब्यातून जेवलेले.

श्रावणातली दुपार होती. पंधरा ऑगस्टच्या गाण्यांना ढोलकी हवी होती आणि ढोलकी त्या खोलीत. गुरुजींनी माझ्याकडे न बघता किल्ली दिली.

कुलूप उघडलं. आत ओल्या चुन्याचा आणि खडूचा वास. बाहेर आभाळ भरून आलेलं, त्यात लाईट गेलेली, म्हणून कंदील लावला. वळून पाहते तर मुलं एकेक करून आत आली होती आणि आपापल्या जुन्या जागी बसत होती. त्यांना बाहेर काढायचा धीर मला झाला नाही. मीही खाली बसले. म्हटलं, "सरांची एखादी गंमत सांगा की."

पत्र्यावर पाऊस वाजायला लागला. मग देवानंद नावाच्या मुलानं सांगितलं, की सर शेळीचा धडा शिकवत होते आणि खिडकीतून शेळीनं त्यांची टोपी पळवली. सर टोपी शोधत राहिले आणि ती अर्धी शेळीच्या तोंडात.

मुलं हसली. किती दिवसांनी हसली असतील! हसणं थांबलं, पावसाचा आवाज परत आला... आणि मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून कुणीतरी एकटंच हसायला लागलं. जाड, दमेकरी, पोटातून वर येणारं हसू.

मी कंदील जवळ ओढला. पण मुलं मागं वळलीसुद्धा नाहीत. ती पुन्हा हसली, आधीपेक्षा जोरात.

देवानंद मला समजावत म्हणाला, "सरांना गंमत उशिरा कळते, बाई. पहिल्यापासूनच."

आणि नंदा बोलली. गॅदरिंगला नवरीचं काम करणाऱ्या मुलीला ताप आला, तेव्हा सर मिशीसकट नवरी झाले आणि नवरदेव स्टेजवरून पळाला. बोलताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. सगळी हसली. थांबली. वाट पाहिली. कोपऱ्यातून हसू आलं...

मला भीती वाटत होती का? वाटत होती. पण त्या मुलांच्या मधे बसून नुसतं भिणंही जमेना.

गुरुजी केव्हा आले, कळलं नाही. ते सगळ्यांत मागं, त्या कोपऱ्यालाच पाठ टेकून बसले होते. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की भोकरदनला जाताना दोघं एसटीत झोपले आणि थेट पुढच्या तालुक्याला, जाफराबादला उतरले. कंडक्टरनं विचारलं तर सर म्हणाले, गुरुजींना तालुका दाखवून राह्यलो. पुढं त्यांना बोलता येईना. मुलांनी त्यांना पुरतं रडू दिलं आणि मग हसू सुरू केलं. कोपऱ्यातलं हसू त्या दिवशी शेवटचं आलं, आणि फार वेळ टिकलं.

दुसऱ्या दिवसापासून कुलूप लागलं नाही. मुलं आरडाओरडा करायला लागली, नंदाची बडबड थांबवावी लागायची. गुरुजी त्या खोलीतच डबा खायला बसायला लागले. पुढं कुणाला काही ऐकू आलं नाही. शाळा शाळेसारखी झाली.

त्या संध्याकाळी मात्र घरी जाताना गुरुजी माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत आले. चेहरा हलका झाला होता. मधेच थांबले.

"बाई, तुम्ही पुढं होत्या, तुम्हाला बराबर ऐकू आलं नसंल. मी रायभानच्या अगदी जवळ होतो."

मी म्हटलं, "सरांचंच हसू होतं ना?"

"बिलकुल त्याचंच. पण त्याच्याजवळ एक बारीक लेकरू हसून राह्यलं होतं." गुरुजी ओढ्याकडे पाहत राहिले. "आपली सगळी लेकरं तर माझ्यासमोर बसलेली होती. मंग ते कुणाचं?"