तिरक्या मुठीची तीन पिस्तुलं

भोक

गोळी दगडोबांना लागली नाही. ती त्यांच्या डोक्यावरून पत्र्याच्या दाराच्या वरच्या पट्टीत घुसली. आता त्या भोकातून उन्हाची एक काडी अंधाऱ्या शेडमध्ये उतरली होती.

शायना तांबोळी त्या काडीखाली उभी होती. दौंडला स्टेशनसमोर तिचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. तिचा सहकारी रविराज पूर्वी वकिली करायचा. आता तो गाडी चालवायचा आणि प्रश्न विचारायचा, बहुतेक चुकीचे.

"आबांनी न्हाई मारली," मोनिका वडिलांबद्दल म्हणाली. निमोण्याहून फोन करून तिनंच दोघांना बोलावलं होतं. "पोलिसांनी एक पिस्तूल नेलंय. गोळी ज्यांच्या डोक्यावरनं गेली त्या मोठ्या आबांचा जबाब आज संध्याकाळी हाय. त्यांनी आबांचं नाव घेतलं की आबा आत. लायसन जाईल, रेंज जाईल. आन् सख्खा भाऊ जाईल, ते वेगळंच."

शेड पूर्वी कोंबड्यांची होती. मोनिकाचे वडील मारुतराव राष्ट्रीय पातळीवर नेमबाजी करून परतले आणि त्यांनी तिची रेंज केली. एका टोकाला टेबल, दुसऱ्या टोकाला दार. बाजूचे पडदे कायम सोडलेले.

काल भरदुपारी लाइट गेली. आत काळोख झाला. दगडोबांनी दार उघडलं तसा आवाज झाला. ते उंबऱ्यातच खाली बसले.

"आत कोण होतं?" शायनानं विचारलं.

दगडोबा बाहेर बाजेवर बसले होते. "उन्हातनं आत बघितलं. काळंकुट्ट. काय दिसणार?"

"पण तुम्हाला कुणीतरी बघितलं."

"मी दारात उभा. त्याला मी दिसलोच असणार की."

"मग नेम चुकला कसा?" रविराज म्हणाला.

"तुम्हाला वाईट वाटलं का?" दगडोबांनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

शायना हसली नाही. ती पुन्हा त्या भोकाकडं बघत होती.

मूठ

मारुतराव थोडं बोलायचे. लाइट गेली तेव्हा ते विहिरीवर स्टार्टर बघायला गेले होते. एकटेच. तिन्ही पिस्तुलं तेल लावून टेबलावर ठेवली होती. काडतुसांचा डबा शेजारीच होता.

"कपाटात घालायला पाहिजे होती. न्हाई घातली."

"भावाशी भांडण होतं?"

"बांधावरनं. परवा पंचायतीत सगळ्यांसमोर झालं. काल दादाला मीच बोलावलं होतं, मिटवायला. घरात सगळ्यांना म्हाईत होतं."

"तिन्ही पिस्तुलं एकाच कंपनीची?"

"ऑस्टर. आधी चार होती, चार कंपन्यांची. प्रत्येकाची मूठ वेगळी, चाप वेगळा. चार सुनांच्या हातचं रोज वेगळं जेवण, पोट बिघडायचंच. वय झालं, डोळा मंद झाला. म्हटलं, आता हातानंच बघायचं तर हाताला एकच वाट पाहिजे. तीन डीलरला दिली, एक भाच्याला. वरीस झालं त्याला."

"वर्षात हात बदलतो?"

मारुतरावांनी उजवा तळवा उघडून तिच्यापुढं धरला. अंगठ्याच्या बेचक्यात घट्टा होता. त्याच्या जरा वर आणखी एक, जुना, पुसट होत चाललेला.

शायनानं बोटानं दोन्ही घट्टे चाचपले.

वजीरभाई पिस्तुलांना अक्रोडाच्या लाकडाच्या मुठी कोरायचे. शिरूरला त्यांचं दुकान होतं. मोनिकानं बोलावल्यावर ते शेडवर आले. कालही ते इथंच होते, मुठीला पॉलिश द्यायला.

"ऑस्टरला कंपनीची मूठ येते," ते म्हणाले. "चार पिस्तुलांचं काम होतं, आता नुसतं पॉलिश. राग हाय मला, खोटं कशाला बोलू? पण रागापायी दगडोबाआप्पांना कशाला मारू? मारायचं तर कंपनीच्या मालकाला."

"मुठीत एवढा फरक काय असतो?"

"जुनी मूठ सरळ, काठी धरल्यासारखी. ऑस्टरची मागं कललेली, नांगराच्या रुमण्यासारखी. पह्यल्यांदा धरणाऱ्याला चुकल्यासारखंच वाटतं."

"गोळी कधी उडवलीत?"

"कानाला सोसत न्हाई, बाई."

अंगठा

सत्यजीत मारुतरावांचा भाचा होता. लहानपणापासून याच शेडमध्ये शिकलेला. काल त्या वेळी आपण शेजारच्या उसात होतो, असं त्यानं सांगितलं. सोबत कुणी नव्हतं.

"पुढच्या स्पर्धेच्या टीममधून मामांनी तुम्हाला काढलं?"

"मी ऑस्टर घेतलं न्हाई म्हणून. मोनिकाला घेतलं. तिनं पह्यलं पिस्तूलच ऑस्टर धरलं, तिला काय? माझा हात बारा वर्सं याच्यावर बसलाय." त्यानं पेटीतून मामांचं जुनं पिस्तूल काढलं, रिकामं असल्याचं दाखवलं आणि हात उचलला. हात वर जाताजाता अंगठ्यानं डावीकडचा छोटा खटका खाली ओढला. टक्.

"हा कशाला?" रविराजनं विचारलं.

"सेफ्टी. हा ओढल्याबिगर चाप चालत न्हाई."

"ऑस्टरला असला खटकाच न्हाई," मोनिका म्हणाली.

"म्हणूनच ते खेळणं हाय," सत्यजीत म्हणाला. मग शायनाकडं वळला. "एक बोलू? अंधारात, नळीवरची नेमाची माशी दिसत नसताना, माणसाच्या टाळूवरनं गोळी काढायची म्हंजी गंमत न्हाई. असा हात तालुक्यात एकाचाच. मामांनी भ्या दावलं, बास."

"तुम्ही नसता मारू शकला?"

त्याचा चेहरा क्षणभर ताठ झाला. "मी मामापेक्षा कमी न्हाई."

मोनिकानं पोलीस यायच्या आधी मोबाइलवर टेबलाचे फोटो काढले होते. शायनानं पोलिसांनी नेलेल्या, दारूचा वास आलेल्या पिस्तुलाचा फोटो मोठा केला. काळ्या धातूवर ताज्या तेलाचा पातळ थर होता. डाव्या अंगाला, वरून खाली, अंगठ्याएवढा पट्टा कोरडा पुसला गेला होता. तिथं ना बटण होतं, ना खटका.

"कुणीतरी फडक्यानं पुसलं असेल," रविराज म्हणाला.

"एवढंच?" शायना म्हणाली, आणि फोटो बंद केला.

ठिपका

दिवस कलायच्या आत सगळे शेडमध्ये जमले. शिरूरचे फौजदारही जबाबाचे कागद घेऊन आले होते. शायनानं दगडोबांना बंद दाराशी उभं केलं, त्यांच्या छातीच्या उंचीवर पत्र्यावर खडूनं फुली मारली आणि त्यांना बाजूला बसवलं.

कपाटातून दुसरं ऑस्टर निघालं. पहिल्याच्या जुळ्या भावासारखं. मोनिकानं त्यात सरावाचं लेझरचं काडतूस घातलं. चाप ओढला की गोळीऐवजी लाल ठिपका उमटतो.

"फुली बघायची. डोळे बांधायचे. हात उचलून चाप ओढायचा. तीन वेळा. सत्यजीत म्हणतात, असा हात एकाचाच आहे. बघू."

मोनिका पहिली. ठिपके फुलीच्या आसपास, वीतभर इकडंतिकडं.

वजीरभाईंचा एक ठिपका पडद्यावर, एक जमिनीवर, एक कुणालाच दिसला नाही. "सांगितलं होतं की," ते पुटपुटले.

मारुतरावांनी डोळ्यांवर उपरणं बांधलं. श्वास सोडला. हात मध्ये कुठंही न थांबता वर आला.

ठिपका फुलीवर.

पुन्हा. फुलीवर.

तिसऱ्यांदा शायनानं त्यांना जागेवर दोन गिरक्या घ्यायला लावल्या. मारुतराव हात खाली सोडून थांबले, पायानं जमीन चाचपली, टेबलाची कड मांडीला लागू दिली. हात वर आला. फुलीवर.

फौजदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आमचा बाप गोफणीचा धोंडा असाच टाकायचा," दगडोबा हळूच म्हणाले. "न बघता. चुकार मेंढराच्या बरोबर म्होरं."

"बघितलं?" सत्यजीत म्हणाला. "मी म्हणलं नव्हतं?" तो पुढं झाला, स्वतःच डोळे बांधले.

हात वर आला. तोही तितकाच स्थिर, तितकाच देखणा. वर जाताजाता अंगठा डावीकडं गेला आणि जिथं काहीच नव्हतं तिथून खाली सरकला.

ठिपका फुलीवर पडला नाही. तो वर, दाराच्या पट्टीत, उन्हाच्या भोकाला खेटून पडला.

दुसरा तिथंच. तिसरा तिथंच. उन्हाची काडी आणि लाल ठिपका एकमेकांना चिकटून राहिले.

सत्यजीतनं फडकं सोडलं तेव्हा सगळे दाराच्या वर बघत होते. त्यानंही बघितलं.

"आता सांगते," शायना म्हणाली.

"काल आत अंधार होता. मारणाऱ्याला दारातला माणूस दिसत होता, पण हातातल्या पिस्तुलाची माशी दिसत नव्हती. अशा वेळी डोळा नाही, सवय नेम धरते. सरळ मुठीची सवय असलेल्या मनगटात कललेली मूठ आली की नळी वर बघते. त्याला वाटतं आपण समोर धरलंय. मारुतरावांनी वर्षभर दुसरं काही हातात धरलं नाही, त्यांची गोळी वर गेलीच नसती. मोनिकाचीही नाही. वजीरभाईंची कुठंही गेली असती. या भोकाशी जाणारा हात इथं एकच आहे."

"आणि तेलाचा पट्टा," रविराज एकदम म्हणाला. "खटका नव्हता, तरी अंगठा तिथं गेला."

"बरोबर."

सत्यजीत टेबलाला धरून उभा होता. "मला कुणाला मारायचं नव्हतं. दाराजवळचा माठ फोडायचा होता. नुसता आवाज. मामाचं लायसन गेलं असतं, रेंज कुणीतरी चालवायलाच पाहिजे होती."

"माठ गुडघ्याएवढा आहे," शायना म्हणाली. "तुमची गोळी दीड हात वर जाते, आत्ताच तीनदा बघितलं. माठावर धरली असती तर दगडोबांच्या पोटात गेली असती. भोकापासून दीड हात खाली मोजा. फुली येते."

सत्यजीतनं मोजलं नाही.

फौजदार उठले. मारुतराव भाच्याच्या समोर गेले. ते आता मारतील असं रविराजला वाटलं. त्यांनी सत्यजीतचा उजवा हात उचलला, तळवा उलटा केला आणि अंगठ्याच्या बेचक्यातला घट्टा बघितला. मग हात सोडून दिला.

सत्यजीतला घेऊन पोलिसांची गाडी गेल्यावर दगडोबा दाराशी गेले. एक तळवा छातीवर ठेवला, दुसरा हात लांबवून भोकापर्यंत नेला. बोटानं ऊन अडलं, शेड आणखी काळी झाली.

"मारुती, ह्या पोराला सरळ मूठ कुणी शिकवली?"

"मीच, दादा. बारा वर्सं."

दगडोबा दोन्ही हातांमधलं अंतर तसंच धरून वळले आणि ते भावाला दाखवत राहिले.

"मग मी वाचलो ते हे एवढं तुझंच हाय," ते म्हणाले.