काकूंची अर्धवट लेस

ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः भोगलेली आहे. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल पुढे जावं, मी कुणाचा हात धरून ठेवत नाही.

आणि हो, यात रात्रीचे बारा वाजत नाहीत की कुत्री रडत नाहीत. जे झालं ते गेल्या वर्षी, भर दुपारी, माझ्या दोन खोल्यांच्या घरात, डोक्यावर पंखा चालू असताना झालं. समोरच्या बाल्कनीत लोकांचं धुणं वाळत होतं. म्हणूनच ते मला अजून पचत नाही.

आधी माझ्याबद्दल. मी दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे घेऊन आमच्या लॅबमध्ये पाठवतात. दिवसभर परक्यांचे जबडे माझ्या टेबलावर मांडलेले असतात. लोकांना वाटतं, हिला कशाचंच काही वाटत नसेल.

उलट आहे. मला थुंकीची, लाळेची, उष्ट्याची भयंकर किळस आहे. हातमोज्यांशिवाय मी साच्याला बोट लावत नाही. माझा पाण्याचा पेला वेगळा असतो. कुणी बोटाला थुंकी लावून पान उलटलं तर ते पुस्तक मी पुन्हा हातात घेत नाही. धाकटी बहीण यावरून मला लहानपणापासून पिडते. तिने माझं नावच 'साबणताई' ठेवलंय.

ही धाकटी तेव्हा तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीची दोन पोटातच गेली होती. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची बंदी केली होती. पडल्या पडल्या ती फोनवर व्हिडिओ बघायची, आणि एक दिवस तिने मला त्यातला एक पाठवला.

एक बाई पुढ्यात घट्ट उशी घेऊन बसली होती. उशीत टाचण्या, टाचण्यांना दोरे, आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला बोटाएवढी लाकडी कांडी. त्या कांड्या एकमेकींवरून टाकत ती लेस विणत होती.

खट... खट... खट...

पाठोपाठ बहिणीचा फोन. "साबणताई, बाळाच्या टोपीला अशी लेस हवी. विकतची नको, तुझ्या हातची."

"अगं, अजून वेळ आहे. होऊ दे तर खरं..."

"तेच नको बोलूस. मागच्या दोन्ही वेळी घाबरून काहीच केलं नव्हतं आपण. या वेळी टोपी आधी तयार ठेवायची."

आता हिला नाही कसं म्हणणार?

मी व्हिडिओ लावून बसले. कांड्या नव्हत्या म्हणून पेन्सिलींना दोरा गुंडाळला. चार दोरे हातात घ्यायचे, पिळायचे, ओलांडायचे, टाचणी लावायची. व्हिडिओतली बाई गप्पा मारत करायची आणि माझ्या उशीवर नुसता गुंता. मागे घ्या, थांबवा, पुन्हा बघा. तीन संध्याकाळी घालवून एक इंच झाला, आणि तोही बघवत नव्हता.

शेवटी हात टेकले आणि क्लास लावला.

शनिवारी दुपारी तीन वाजता, एका ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत. सात-आठ जणी यायच्या. शिकवणाऱ्या बाई पूर्वी एका ऑफिसात नकाशे काढायच्या, म्हणून सगळ्या त्यांना नकाशेबाई म्हणायच्या. माझ्या शेजारी एक निवृत्त नर्स बसायच्या, त्या नर्सताई. माझा प्रत्येक गुंता त्याच सोडवून द्यायच्या.

पहिल्याच दिवशी नकाशेबाईंनी बजावलं, "हात धुवून यायचं. दोरा कोरडा राहिला पाहिजे. आणि दातांनी दोरा तोडलेला मला चालणार नाही, लेस पिवळी पडते."

मला बाई तिथेच आवडल्या.

खोलीच्या कपाटावर एक उशी होती, कापडाने झाकलेली. तिला कुणी हात लावत नसे. चौदा वर्षं क्लासला येणाऱ्या एका काकूंची ती उशी. काकू दीड वर्षापूर्वी गेल्या, आणि त्यांची शेवटची लेस अर्धी तशीच उशीवर होती.

मला चांगली उशी हवी होती. चोवीस कांड्या हव्या होत्या. मी मागितली.

"ने की," नकाशेबाई म्हणाल्या. "पण आमच्यात एक पद्धत आहे. गेलेल्या बाईची उशी घेतली की आधी तिचं काम पुरं करायचं. मग आपलं. चारच बोटं राहिलीय."

मी मान डोलावली.

घरी येऊन कापड काढलं... आणि नाक दाबलं.

लेस पिवळी पडली होती. दोरे कडक झाले होते, जागोजागी एकमेकांना चिकटले होते. वास ओळखीचा होता. डबीत घालून विसरलेल्या कवळीला येतो तोच. आणि कांड्यांच्या डोक्यांवर दातांच्या खुणा! त्या मला कुणी शिकवायला नकोत. खालचे दोन दात, बाकी सगळ्या हिरड्या.

काकू दोरा तोंडात धरायच्या. बाईंनी बजावूनही, वर्षानुवर्षं. 

मी हातमोजे चढवले, कात्री घेतली आणि चोवीसच्या चोवीस दोरे कापून टाकले. लेस, दोरे, कापड सगळं पिशवीत भरून खाली कचऱ्यात. कांड्या उकळत्या पाण्यात. उशीला नवं कापड. नवा पांढराशुभ्र दोरा.

पुढच्या शनिवारी बाईंनी विचारलं, "काकूंची झाली का?"

"झाली," मी म्हटलं. "आणायला विसरले बघा."

इतकी सहज थाप मी आयुष्यात मारली नव्हती.

टोपीची लेस सुरू झाली आणि चक्क जमायला लागली. मी खूश होते. आठवडाभर काही नाही.

मग एका संध्याकाळी लॅबमधून आले आणि उशीवरचं कापड उचललं. ते ओलं होतं.

मधोमध, वाटीएवढा डाग. वर छत कोरडं. खिडकी बंद. पाण्याची बाटली स्वयंपाकघरात. मी कापड धुतलं आणि विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तिसऱ्या दिवशी दोरे एकमेकांना चिकटलेले... आणि तो वास. मी कांड्या पुन्हा उकळल्या. हात इतके धुतले की कातडी सोलली.

त्याच आठवड्यात एका वळणावर माझं घोडं अडलं. मी माझ्या हातांचा व्हिडिओ काढून क्लासच्या ग्रुपवर टाकला. कुठे चुकतंय बघा म्हणून.

नर्सताईंचं उत्तर आलं. 'डावी जोडी आधी पीळ. आणि दोरा तोंडात कशाला धरतेस गं?'

मी लिहिलं, 'मी? मी मेले तरी धरणार नाही!'

'मग तो आवाज कसला?'

मी कानाला फोन लावून व्हिडिओ ऐकला. खट... खट... खट...

चुक.

ओठांमधून ओला दोरा ओढल्यावर होतो तसा. प्रत्येक चौथ्या कांडीनंतर एकदा. मी त्या खोलीत एकटी होते.

थोड्या वेळाने नर्सताईंचा आणखी एक मेसेज आला. 'काकू असाच आवाज करायच्या.' मग तो त्यांनी पुसून टाकला.

उशी तेव्हाच परत द्यायला हवी होती. पण दीड वीतच लेस राहिली होती, बहिणीचे दिवस भरत आले होते, आणि ती रोज विचारायची, "झाली का गं?" मी दात आवळून करत राहिले.

शेवटचा दिवस रविवार होता. दुपारचे दोन. टाचणी लावायला मी एक कांडी खाली ठेवली...

ती खाली राहिली नाही.

दोरा वर उचलला गेला. सावकाश. कांडी त्याला लोंबकळत होती. दोरा माझ्या तोंडासमोर येऊन ताणला गेला आणि तिथेच थांबला. त्याच्या पलीकडे काही नव्हतं. भिंत दिसत होती, भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं.

चुक.

दोऱ्यावरून एक थेंब घरंगळला आणि माझ्या मनगटावर पडला.

थेंब कोमट होता.

मी मोरीत जाऊन भडाभडा ओकले. परत आले तर कांडी जागेवर होती, आणि लेस पुरी झाली होती. शेवटच्या गाठी माझ्या नव्हत्या.

मी ती लेस जाळायला हवी होती हे तुम्ही आता म्हणाल. मीही म्हणते. पण त्याच संध्याकाळी बहिणीला कळा सुरू झाल्या, आई मला न्यायला धावतपळत आली, टेबलावरची लेस तिने उचलली आणि टोपीला शिवून टाकली. मी फक्त एवढंच म्हणू शकले, "आई, धुऊन घे."

मुलगी झाली. नीट, गोरीगोमटी, अडीच किलोची. बहीण हसत होती आणि रडत होती. मी इतकी आनंदात होते की लेस विसरूनच गेले.

चौथ्या दिवसापासून बाळ दूध घेईना.

अंगावर घेतलं की तोंड फिरवायची. बाटलीला नाही, चमच्याला नाही. फक्त टोपीच्या लेसचं टोक तोंडात गेलं की चोखत पडायची. डॉक्टरांना दोष सापडेना. वजन उतरायला लागलं, तेव्हा भरती करून नाकातून नळी घातली. टोपी काढून ठेवली. तरी रिकामं तोंड चालूच...

चुक... चुक...

सकाळी हॉस्पिटलची नर्स तिचं तोंड पुसत होती. मी आणि बहीण शेजारी उभ्या होतो. नर्स एकदम थांबली.

"हा दोरा कुठून आला?"

बाळाच्या ओठांतून दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं. नर्सने अलगद ओढलं. दोरा येत गेला... येत गेला... हातभर आला. पिवळा. बुळबुळीत. टोक चावून चपटं झालेलं.

"ताई, हा तुझ्या लेसचा आहे का?" बहिणीने विचारलं. 

माझा दोरा पांढरा होता. तो पिवळा मी माझ्या हाताने कचऱ्यात टाकला होता.

 मी तिथून तडक नकाशेबाईंकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं. नर्सताईंनाही बाईंनी बोलावून घेतलं.

"कापलीस?" बाई म्हणाल्या. "चार बोटं राहिली होती गं!"

"मला किळस आली."

त्या उठल्या. मग कपाटातून काकूंच्या लेसचा नमुना काढला, जाड कागदावर टोचलेला. "फेकलेली परत येणार नाही. पहिल्या टाचणीपासून कर. इथेच बस."

मी रजा टाकली. सकाळी नऊला यायचे, उजेड जाईपर्यंत बसायचे. पण एक वळण पुरं होईना. दोरा तुटायचा. नवा घेतला, तुटला. जाड घेतला, तुटला. पहिला दिवस नुसत्या गाठी मारण्यात गेला.

नर्सताई शेजारी बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काकू ओला करायच्या."

"पाणी आणते."

"पाण्याने नाही."

मला कळलं. मी खूप वेळ तो दोरा हातात धरून बसले. डोळ्यांसमोर ती नाकातली नळी होती.

मी दोरा ओठांजवळ नेला... तो आधीच ओला होता.

कोमट. चवीला गोडूस, शिळा.

मी तो तोंडात घेतला. ओकारी आली ती गिळली आणि पुन्हा घेतला. चोवीस दोरे, सहा दिवस, दर चौथ्या कांडीला एकदा. दोरा एकदाही तुटला नाही. आणि खरं सांगते, पाचव्या दिवशी मला ओकारी येईनाशी झाली. त्याचीच मला सगळ्यात जास्त शिसारी येते.

सहाव्या दिवशी दुपारी शेवटची गाठ बसली. दहा मिनिटांत बहिणीचा फोन आला. ती हुंदके देत होती. "ताई, प्यायली! पोटभर प्यायली गं!"

लेस बाईंनी ठेवून घेतली. काकू ती कुणासाठी करत होत्या, कुणालाच माहीत नाही.

आता भाची आठ महिन्यांची आहे. गुटगुटीत आहे, दिसेल त्याला लाळभरला पापा देते. परवा बहीण तिला घेऊन आली. तिला माझ्या तोंडासमोर धरून म्हणाली, "मावशीला पापा दे. आणि साबणताई, तूही दे की एकदा. अजून दिलेला नाहीस."

मी मान मागे घेतली.

बहिणीचं हसू गेलं. "दोन गेल्यावर मिळालीय ही मला. आणि तुला हिचीही किळस येते?"

काय सांगणार होते मी? मला त्या पोरीच्या लाळेची किळस येत नाही. तिने गालावर थुंकलं तरी मी पुसणार नाही.

मला माझ्या तोंडाची भीती वाटते. ते मी रोज घासते, रक्त येईपर्यंत. तरी लॅबमध्ये काम करताना, हात भरलेले असताना, लक्ष नसताना... शेजारच्या टेबलावरचा सहकारी मान वर करतो आणि विचारतो, "काय चोखताय, ताई?"

बहीण त्या दिवशी चहा न घेता गेली. अजून फोन उचलत नाही.