चोवीस थेंब

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. इकडे नांदेडजवळ विष्णुपुरीच्या धरणाचा तळ उघडा पडला होता. तिथल्याच एका संशोधन संस्थेत चांगुणा नावाची मुलगी रोज सकाळी आपला ट्रे बघायला कोल्ड रूममध्ये जायची.

दुष्काळात तग धरणाऱ्या गावरान ज्वारीतलं एक प्रथिन तिनं वेगळं काढलं होतं. त्याचे स्फटिक मिळाले, तरच त्याची रचना कळणार होती. काचेच्या चकतीला प्रथिनाचा थेंब उलटा टांगायचा, खाली मिठाच्या द्रावणाची वाटी ठेवायची, कडेनं ग्रीस लावून सगळं हवाबंद करायचं. थेंब सावकाश आटतो आणि आत स्फटिक धरतो. दोन वर्षं तिला नुसता सुयांसारख्या कणांचा भुगा मिळत होता. तिनं प्रथिन पातळ केलं, मीठ कमी केलं, ट्रे चार अंशांवरच्या कोल्ड रूममध्ये हलवला. शेवटी चोवीसही थेंबांत टपोरे, धारदार कडांचे स्फटिक धरले. इंदूरच्या क्ष-किरण यंत्रावर शुक्रवारची वेळ मिळाली.

सोमवारी वरच्या रांगेतले सहा थेंब नव्हते.

"ग्रीस सुटलं असेल, वाळले," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले.

तिनं चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. थेंब वाळला तर मिठाची साय मागे राहते. इथं काच लख्ख होती, चाटूनपुसून साफ केल्यासारखी. ग्रीसचं कडं अखंड होतं आणि खालचं द्रावण जिथल्या तिथे. तिनं ग्रीस बदललं, वरून टेप मारली. मंगळवारी दुसरी रांग गेली, बुधवारी तिसरी.

"तुझ्याच हाताचा दोष आहे हा. इंदूरला रद्द कळवतो," सर म्हणाले.

"सहा थेंब हायेत अजून सर. आज दुपारीच त्यांतले स्फटिक काढते. कळवू नका."

दाराशी संगप्पा उभे होते. उदगीरचे, प्रयोगशाळेतले जुने परिचर. ते हळूच म्हणाले, "ताई, एकटी नका जाऊ. आत कुणीतरी घोट घेऊन राहिलंय. मी ऐकलं. आमचं उदगीर नवा जिल्हा झालं की मी बदलीच मागणार हाय."

"मामा, माझे थेंब कोण पितंय त्याचं तोंड बघायचंय मला."

स्वेटर घालून ती आत बसली. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन, आत पंख्याची घरघर. तिनं स्फटिक गोठवायचा द्रव नायट्रोजनचा डबा उघडला, ते उचलायचा केसाएवढ्या नायलॉनचा फास हातात घेतला आणि पहिली चकती उचलणार, तोच वीज गेली. पंखा थांबला. कोल्ड रूमला खिडकी नव्हती.

तिनं मोबाईलचा दिवा लावला. भेगाळलेल्या गाळाचा वास येत होता. मग मानेवर वाफ आली, तापलेली, तोंडातून सुटावी तशी. वळून पाहिलं तर कुणी नाही. ट्रेमध्ये पहिला थेंब तिच्या डोळ्यांदेखत कडेनं आत आत ओढला गेला, स्फटिकासकट. कानाशी आवाज झाला... गट.

दार चार पावलांवर होतं. पण ट्रे सोडून चांगुणा उठली नाही.

"पानी..." कुणीतरी म्हणालं. घसा कोरडा पडलेल्या माणसाचा आवाज. बाईचा, की पुरुषाचा, कळेना. "पानी हाय का माय..."

"ऐक," ती म्हणाली. "मी विहिरीवरून हाकलून दिलेल्या घरातली हाय. पाणी मागणाऱ्याला आमच्या घरात न्हाई म्हणत न्हाईत. पण हे थेंब पाणी न्हाईत. ही माझी दोन वर्षं हायेत. ह्यांना तोंड लावायचं न्हाई."

तिनं पिशवीतली बाटली काढली, झाकण उघडून पायाशी ठेवली आणि तिकडे पाठ फिरवली. मोबाईल दातांत धरून तिनं फास थेंबात घातला. स्फटिक काचेला चिकटला होता. फासाच्या कडेनं हळूच सोडवून तिनं तो उचलला, ग्लिसरीनमध्ये बुडवला नि नायट्रोजनमध्ये टाकला. मागे घटाघटा पिण्याचा आवाज येत होता. ती मोजत राहिली. एक, दोन, तीन... पाचही स्फटिक निघाले.

वीज आली तेव्हा बाटली रिकामी होती आणि ट्रेमधल्या मिठाच्या वाट्या होत्या तशाच भरलेल्या.

शुक्रवारी इंदूरला तिसऱ्या स्फटिकानं पडद्यावर रचना सांगणाऱ्या टिपक्यांची अशी स्वच्छ नक्षी उमटवली की तिथला माणूस खुर्ची पुढे ओढून बसला. सरांना फोटो पाठवून ती बाहेर आली, तेवढ्यात संगप्पांचा फोन आला.

"ताई, तुमी सांगितल्यापरमानं रोज एक बाटली ठेवून राहिलो आत. रिकामी होते."

"बरं केलंत मामा."

"पण आज बाटलीशेजारी एक वाटी होती. पितळेची, लहान लेकराची असती तशी. आपल्याकडची न्हाई. कोल्ड रूमचं कुलूप माझ्याच हातचं हाय, ताई. काय करू?"



"तिच्यातही घाला," चांगुणा म्हणाली.