रेकॉर्डिंगमधला हुंकार

देवाला साक्षी ठेवून लिहिते, यातला एक शब्दही रचलेला नाही.

गेल्या वर्षीच्या श्रावणातला पहिला शुक्रवार. ऑकलंडमधल्या माउंट वेलिंग्टनचं आमचं ऑफिस. दुपारचे सव्वातीन. बाहेर हिवाळ्यातला बारीक पाऊस.

मी एका वेबसाइटवर कॉपीराइटच्या तक्रारी तपासते. कुणी दुसऱ्याचं गाणं, फोटो, आवाज न विचारता टाकला, की मूळ मालक तक्रार करतो. मग आम्ही ते सगळं ऐकायचं, पाहायचं आणि ठरवायचं. मराठी जाणणाऱ्या आम्ही दोघीच. मी आणि शेजारच्या टेबलावरची आनंदी. गुणी पोर. फोनवर आईशी बोलताना सारखी हूं-हूं करत असते.

"इरावतीताई, आज पण उपास?" ती म्हणाली. "इथे थंडीने बोटं वळत नाहीत. देवाला तरी कळतंय का श्रावण आहे ते?"

"त्याला कळतं गं," म्हणत मी हेडफोन लावले.

तक्रार ख्राइस्टचर्चच्या, रिकार्टनमधल्या संपदा नावाच्या बाईंची होती. भाषेच्या रकान्यात 'मराठी'. खाली एवढंच...

'कहाणी सांगणारी कोण, मला माहीत नाही. पण त्यातला हुंकार माझा आहे. तो काढा.'

व्रताची कहाणी ऐकताना मुठीत तांदूळ धरायचे आणि मध्ये मध्ये 'हूं' म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. एकदा हुंकार दिला की कहाणी संपेपर्यंत उठायचं नाही.

मी फाइल लावली.

म्हातारा, कोरडा आवाज. कुठल्याशा नगरातल्या एका सुनेची कहाणी. लहानपणापासून इतक्या ऐकल्या, ही कधीच ऐकली नव्हती. वाक्य संपलं की हलकेच... 'हूं'.

अकराव्या मिनिटाला हुंकार आला नाही.

सांगणारी थांबली.

वाट पाहत असल्यासारखी...

सवयीने माझ्या तोंडून गेलं, "हूं."

आणि कहाणी पुढे सुरू झाली.

एकच वाक्य. मग फाइल संपली. 'सुफळ संपूर्ण' झालंच नाही.

वेळ नोंदवायची म्हणून मी ती पुन्हा लावली. पहिल्या वाक्यानंतर हुंकार आला...

तो माझा होता. घशातल्या खरखरीसकट.

थोड्या वेळाने संपदाबाईंची मेल आली. 'आता त्यात माझा आवाज नाही. तक्रार मागे घेते.'

मी त्यांच्या नंबरवर फोन केला. नवऱ्याने उचलला.

"वर्षभर 'हूं'शिवाय काही बोलली नव्हती हो ती. किती डॉक्टर केले. आज दुपारी एकदम म्हणाली, चहा कर."

तो रडत होता.

संध्याकाळी दिव्यापुढे स्तोत्र म्हणायला बसले. चौथ्या ओळीला शब्द थांबले. पुढे नुसतं... 'हूं'.

बावीस वर्षांचा नेम माझा. बाळंतपणातही मनातल्या मनात म्हटलं होतं.

"आई, हू आर यू आन्सरिंग?" लेकीने, ऋग्वेदाने, दारातून विचारलं.

सोमवारपर्यंत माझ्या तोंडात तेवढंच उरलं.

मागे घेतलेल्या तक्रारीवर आम्हाला फाइल काढता येत नाही. म्हणून मी माझ्या नावाने नवी तक्रार लिहिली. पण स्वतःची तक्रार स्वतः तपासायची नाही, असा नियम. भाषेत 'मराठी' भरलं की ती एकाच टेबलावर जाणार.

मी रकाना कोरा ठेवला. तक्रार पाठवली नाही.

आनंदी खुर्ची सरकवत आली. "घसा पार बसलाय ना तुमचा? आणि हे काय, भाषा भरायची राहिलीये. भरून पाठवू? मीच ऐकते आत्ता."

मला 'नको' म्हणायचं होतं.

नुसती मान हलवता आली असती. तिचा हात धरता आला असता.

"हूं," मी म्हटलं.

तिने हेडफोन लावले. मी खिडकीबाहेरचा पाऊस बघत बसले.

त्या संध्याकाळी माझं स्तोत्र शेवटपर्यंत म्हणून झालं. अजूनही होतं. रोज दिवा लावताना आनंदीचं नाव घेते. तेवढ्याने काय होतंय.

काल माझ्या यादीत एक तक्रार आली. भाषा, मराठी. तक्रारदार, आनंदी.

मी ती अजून उघडलेली नाही.

ती तिच्या टेबलावरून माझ्याकडे बघत असते.

वाट पाहत असल्यासारखी...